संध्याकाळची उंची

माझ्या पोरीची उंची मी एकशे छप्पन्न पॉइंट तीन चार सेंटिमीटर सांगितली होती. त्यातला शेवटचा चार मी मोजलेला नव्हता, काढलेला होता. स्टीलची टेप वीस डिग्रीला बरोबर असते आणि आमच्या भिलाईतल्या मरोद्याच्या घरात मे महिन्याच्या संध्याकाळी चाळीसच्या आसपास असतं. टेप तापली की वाढते, वाढली की किंचित कमी दाखवते. किती कमी, ते मी मनातल्या मनात काढलं आणि आकड्यात जोडून दिलं. चार-पाच केस एकमेकांवर ठेवावेत एवढा तो फरक.

मी असा माणूस आहे. आणि असा माणूस असून त्याच संध्याकाळी मी जे केलं, ते इतके दिवस कुठं बोललो नाही. घरात सांगून झालं आहे. आता लिहायला हरकत नाही.

जामुलच्या बाजूला एका खासगी लॅबमध्ये मी कॅलिब्रेशनचं काम करतो. कारखान्यांतून प्रेशर गेज येतात, थर्मामीटर येतात, व्हर्निअर, मायक्रोमीटर येतात. त्यांच्यापेक्षा चांगल्या उपकरणाशेजारी त्यांना बसवायचं आणि कोण किती खोटं बोलतंय ते सर्टिफिकेटवर लिहायचं. एवढंच असतं तर काम सोपं होतं. पण त्या आकड्यापुढे आणखी एक आकडा लिहावा लागतो, अधिक-उणे असं चिन्ह लावून. पुस्तकात त्याला अनिश्चितता म्हणतात. लॅबमध्ये सगळे प्लस-मायनस म्हणतात.

हा प्लस-मायनस आमच्या भिलाईत बदनाम शब्द आहे. "थोडा प्लस-मायनस कर लो" म्हणजे हेराफेरी करून घ्या. एखाद्याचं डोकं जागेवर नसलं तर "इसका कुछ प्लस-मायनस है". माझी बायको तर नात्यातल्या एका नवरदेवाचं वय ऐकून म्हणाली होती, "त्यात काही तरी प्लस-मायनस हाय, पाहून घेजा." त्यामुळे गिऱ्हाईक सर्टिफिकेट हातात घेतं आणि आधी त्याच चिन्हावर बोट ठेवतं. "भैया, ये हटा दो न. साफ-सुथरा आकडा दे दो, ऑडिटवाले को शक होगा."

मग मी समजावतो. ही माझी नेहमीची शिकवणी. चूक वेगळी आणि अनिश्चितता वेगळी. गेज शंभरच्या जागी एकशे दोन दाखवतो, ही चूक. ती कळली की दोन वजा करा, संपलं. पण सगळ्या चुका वजा केल्यावरही थोडी जागा उरते, आणि खरा आकडा त्या जागेत कुठं तरी असतो. नेमका कुठं, ते कोणालाच सांगता येत नाही. ती जागा किती रुंद आहे ते सांगायचं, म्हणजे प्लस-मायनस. त्याचा हिशेब बसवावा लागतो. आपलं स्वतःचं उपकरण किती पक्कं, त्याच्या रेघा किती बारीक, दहा वेळा मोजलं तर दहा वाचनं किती फाकतात, खोली किती गरम, मोजणाऱ्याची नजर कशी. आणि सगळ्यात शेवटी, जिला मोजतोय ती वस्तू. ती मोजता मोजता बदलते का? आमच्या हिशेबात ही शेवटची ओळ बहुतेक वेळा शून्य असते. गेज काही टेबलावर पडल्या पडल्या बदलत नाही.

पोरगी बी.एस्सी. झालेली. उतईच्या एका मेडिकल स्टोअरमध्ये काउंटरवर असते. वर्दीच्या एका भरतीची लेखी परीक्षा तिनं पहिल्याच फटक्यात काढली, आणि घरात पेढे आले. पुढं मैदान होतं. मैदानात आधी उंची, मग धाव. धावेची तिला चिंता नव्हती, रोज पहाटे ती मरोद्याच्या ग्राउंडवर पळायची. उंची मुलींना एकशे सत्तावन्न लागते. तिच्या कॉलेजच्या एनसीसीत कोणी तरी "एकशे सत्तावन्न के आसपास" असं सांगून ठेवलं होतं, आणि त्या आसपासनं तिला छळलं होतं. त्यात मागच्या भरतीला जाऊन आलेल्या एका मैत्रिणीनं सांगितलं की कमी भरली की शिटी वाजवतात आणि सगळ्यांसमोर लाइनीतून बाहेर काढतात.

"बाबा, तुमी मोजून द्या न," ती त्या संध्याकाळी म्हणाली. "तुमी म्हणसान तेच पक्कं. कमी असन तं मी जातच नाई. सगळ्याईसमोर शिटी कावून वाजवून घेऊ?"

ती नुकतीच शेअर ऑटोतून उतरून आली होती. पहाटे पळून, मग दिवसभर काउंटरमागं उभी राहून. मी तिला भिंतीला टेकवून उभी केली. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अंबाडा सोड आधी! केसाची उंची नाई पायजे त्याईले." पोरीनं केस मोकळे केले. मी डोक्यावर गुण्या, म्हणजे सुताराचा काटकोन, ठेवला, भिंतीवर पेन्सिलीनं बारीक रेघ मारली, टेप लावली, वाचलं, तापमानाचं जोडलं आणि आकडा सांगितला.

"किती कमी?"

"साडेसहा मिलिमीटर."

"प्लस-मायनस?" तिनं हसत विचारलं. माझ्या घरात वाढलेली पोरगी, तिला सगळं माहीत.

"अर्धा मिलिमीटर," मी म्हणालो.

ती हसायची थांबली. "म्हणजे कसंही धरलं तरी नाई बसत."

"नाई."

तिनं केस बांधले आणि आत गेली. मी टेप पुसून डबीत ठेवली.

अर्धा मिलिमीटर हे उत्तर टेपचं होतं. पोरीचं नव्हतं. फार वर्षांपूर्वी एका ट्रेनिंगला आम्हाला शिकवणाऱ्या साहेबांनी गंमत म्हणून सांगितलं होतं, "सुबह का आदमी शाम तक छोटा हो जाता है." पाठीच्या मणक्यांमध्ये मऊ गाद्या असतात, त्या दिवसभराच्या वजनानं दबतात, आणि माणूस संध्याकाळपर्यंत सेंटिमीटरभर, कधी त्याहून जास्त आखूड होतो. रात्री आडवा झाला की पुन्हा भरून येतो. आम्ही सगळे तेव्हा हसलो होतो. ते वाक्य मला त्या संध्याकाळी आठवलं होतं. पेन्सिलीची रेघ मारताना आठवलं होतं, नंतर नाही. आणि मी ते बाजूला सरकवलं.

कारण मला ती जायला नको होती. लेखीचा निकाल आला त्या दिवसापासून मला एकच प्रश्न सुटत नव्हता. पोस्टिंग बस्तरकडे लागली तर? कुठल्या कॅम्पात, कुठल्या रस्त्यावर? मी पेढा खाल्ला, आणि कोणाला काही म्हणालो नाही. मी आधीच कमी बोलणारा. "नको जाऊ" असं म्हटलं असतं तर ती भांडली असती आणि जिंकली असती. तिची आई तिच्या बाजूनं उभी राहिली असती. टेपशी कोण भांडणार? टेपनं माझं काम केलं, आणि मला त्या संध्याकाळी जेवताना खरोखर हलकं वाटलं. ते हलकं वाटणंच मला पुढं सगळ्यात जास्त टोचलं.

पोरीनं दुसऱ्या दिवसापासून पळणं सोडलं. बूट माळ्यावर गेले. मेडिकलवाल्याला तिनं सांगून टाकलं की आता संध्याकाळची पाळी पण मी करते. घरात ती नीट बोलायची, जेवायची, पण टीव्हीसमोर बसून टीव्ही बघत नसायची. मैदानाची तारीख मोबाईलवर आली. तिनं वाचली आणि फोन उलटा ठेवला.

"पोरगी गुमसुम होऊन गेली," बायको एकदा कपडे वाळत घालताना म्हणाली. "तुमच्या टेपनं काय केलं वो तिले?"

"टेपनं काही नाई केलं," मी म्हणालो. यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि ते म्हणून मी बाहेर निघून गेलो.

असंच चाललं असतं. मी माझ्या स्वभावाला ओळखतो, मी काही आपणहून बोललो नसतो. पण लॅबमध्ये एका शाळेचा उंची मोजायचा स्टँड आला. लोखंडी खांब, त्यावर पट्टी, डोक्यावर टेकवायचा सरकता तुकडा. असं गिऱ्हाईक आमच्याकडे सहसा येत नाही. मी मन लावून काम केलं, उगाच जास्तच मन लावून, आणि सर्टिफिकेट तपासायला मॅडमकडे नेलं. मॅडम म्हणजे आमची क्वालिटी मॅनेजर. वयानं माझ्यापेक्षा बरीच लहान, जन्म भिलाईतला, आई-वडील केरळचे, आणि हिंदी अशी की ऐकत राहावं.

"बढ़िया है भैया," ती म्हणाली. "प्लस-मायनस एक मिलीमीटर. पर ये तो डंडे का हुआ."

"डंडा ही तो आया है मैडम."

"नीचे बच्चा भी तो खड़ा होगा. सुबह की प्रार्थना वाला बच्चा, कि छुट्टी के टाइम वाला?"

"वो स्कूल देखे."

"हाँ हाँ, स्कूल देखे. पर नीचे एक लाइन डाल दो, कि ये सिर्फ स्टैंड का है. नहीं तो किसी दिन कोई बाप आके लड़ेगा कि आपके डंडे ने मेरी लड़की को छोटा कर दिया."

ती स्वतःच्या विनोदावर हसली. मलाही हसायला हवं होतं. मी सर्टिफिकेट उचललं, टेबलावर आलो आणि ती एक ओळ टाइप करायला मला अर्धी दुपार लागली.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी लॅबला पोचलो आणि त्या स्टँडखाली स्वतः उभा राहिलो. तुकडा डोक्यावर टेकवायचा, खिळवायचा, खाली वाकून बाहेर यायचं, वाचायचं. पुन्हा उभं राहायचं. दहा वाचनं घेतली. मग दिवसभर मुद्दाम खुर्चीवर बसलो नाही. सुटायच्या वेळेला, सगळे गेल्यावर, पुन्हा दहा. माझं वय, माझी कडक झालेली पाठ, तरी सव्वा सेंटिमीटर गेलं होतं. माझ्या पोरीला साडेसहा मिलिमीटर हवे होते. त्यासाठी दहा वाचनं घ्यायची गरज नव्हती. मला ते आधीच माहीत होतं. पण माहीत असणं आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघणं यांच्यामध्ये मी तोवर लपून बसलो होतो, आता तिथं जागा उरली नाही. स्कूटर चालवत घरी आलो ते सकाळीच बोलायचं असं ठरवून.

सकाळी पोरगी डबा भरत होती, बायको पोळ्या लाटत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. सकाळी तिथं मी कधी उभा राहत नाही, त्यामुळे दोघींनी वर बघितलं.

"तुझी उंची मी चुकीच्या वेळी मोजली," मी म्हणालो.

"म्हणजे?"

मी सांगितलं. मणके, गाद्या, सकाळ, संध्याकाळ. ती डब्याचं झाकण हातात धरून ऐकत होती.

"म्हणजे सकाळी किती असन?"

"सेंटिमीटरभर जास्त असू शकते. दीड पण असू शकते. कमी पण. पक्कं नाही सांगता येत."

"अर्धा मिलिमीटर बोलले होते तुमी."

"ते टेपचं होतं."

मग अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं, "विसरले होते का?"

मला वाटतं, तिनं ते मुद्दाम विचारलं. दार उघडून दिलं मला. बायकोनं तर धरूनच ठेवलं, "विसरले असतीन व. दिवसभराचे थकेल राहतेत." मी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पोरगी मैदानाला गेली असती, सगळे खूश झाले असते, आणि मी आयुष्यभर एक विसरभोळा बाप राहिलो असतो.

"नाई," मी म्हणालो. "आठवलं होतं."

"मग?"

"तू जाऊ नये असं वाटत होतं मले."

तव्यावरची पोळी करपायला लागली. बायकोनं ती उलटलीच नाही. "हे कोणतं बोलणं वो," ती म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

पोरीनं झाकण लावलं. "मले वाटलंच होतं काही तरी."

"काय वाटलं?"

"लॅबमध्ये दहादा मोजता. घरी दूधवाल्याचं माप बी दोनदा पाहता. मले एकदाच मोजलं."

हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. माझ्या हाताला इतक्या वर्षांची सवय, एका वाचनावर विश्वास ठेवायचा नाही. त्या संध्याकाळी तो हात पहिल्याच वाचनावर थांबला होता.

"मग बोलली कावून नाई?" बायको तिच्यावर उखडली. "इतके दिवस तोंड लटकवून बसली!"

"बाबाच्या आकड्यावर काय बोलणार?"

ती रडली असती, ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणालो, "चल, आत्ता मोजतो. सकाळच आहे." आणि टेप आणायला वळलो.

"नको," ती म्हणाली.

"दहादा मोजतो."

"शंभरदा मोजाल तरी नको. आता तुमचा हात दुसऱ्या बाजूनं झुकन."

बायकोला ते कळलं नाही. मला पुरतं कळलं. ज्याला एक ठरावीक आकडा हवा आहे त्यानं मोजू नये. आमच्या कामात हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. गुण्या थोडा उचलला जातो, हनुवटी थोडी वर धरली जाते, आणि मोजणाऱ्याला ते समजतही नाही. मला आता एकशे सत्तावन्न इतकं हवं होतं की माझ्या हातून एकशे सत्तावन्नच निघालं असतं.

"जाईन मी," ती म्हणाली. "कमी भरली तं भरली. वाजवू दे शिटी." डबा पिशवीत टाकला आणि निघून गेली.

पुढचे काही दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. "पाणी आलं." "चावी द्या." पण बूट माळ्यावरून खाली आले होते, आणि पहाटे फाटकाची कडी वाजायची. बायको मात्र पहिल्या दिवशी रुसली आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागली. पोरीला संध्याकाळची पाळी सोडायला लावली, जमिनीवर गादी घालून झोपवायला लागली, उठता-बसता "सीधी बैस, पाठ दबून राहिली" चालू झालं. आणि मी, खरं सांगायचं तर, त्या अबोल्यात इतका गाढ झोपलो जितका कित्येक महिन्यांत झोपलो नव्हतो. पोरगी माझ्यावर रागावली होती, आणि खऱ्या गोष्टीसाठी रागावली होती. ते सहन होत होतं.

मैदानाच्या दिवशी शेजाऱ्याची व्हॅन मागितली. बायकोचा आग्रह, पोरीनं मागच्या सीटवर आडवंच यायचं. डोकं आईच्या मांडीवर, पाय खिडकीबाहेर जातील इतके ताणलेले.

"आई, लोकं पाहून राहिले."

"पाहू दे. पाय मोकळे सोड, वाढू दे."

मी पुढं शेजाऱ्याजवळ बसलो होतो. आरशात मला फक्त पोरीची पावलं दिसत होती. ती हसत होती का ते दिसत नव्हतं.

आम्ही वेळेत पोचलो, पण वेळेचा काही उपयोग झाला नाही. लाइन मोठी होती आणि तिचा नंबर मागे. पालकांना जाळीच्या कुंपणाबाहेर थांबवलं. ऊन चढायला लागलं, मुली उभ्याच. माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. माणूस उठल्यावर आखूड होतो तो दिवसभर सारखा नाही. बराचसा भाग पहिल्या काही तासांतच जातो. ती तिथं उभी राहून मिलिमीटर मिलिमीटर कमी होत होती, आणि मी कुंपणाच्या बाहेर उभं राहून ते मोजत होतो.

"घाबरू नका," बायको म्हणाली. स्वतःचाच पदर गुंडाळून तिनं बोट काळं-निळं केलं होतं.

शेवटी माझ्यानं राहवेना. "बेटा!" मी जाळीला तोंड लावून ओरडलो. "लेट!"

पोरीनं मागे पाहिलं. "काय?"

"लेट! आडवी हो! तिथंच, जमिनीवर!"

आजूबाजूचे सगळे पालक माझ्याकडे बघायला लागले. पोरगीही बघत राहिली. त्या सकाळच्या पोळ्यांनंतर तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं होतं. आता मी म्हणतो ते ऐकायचं की नाही, हे ती ठरवत होती. मग तिनं गळ्यातली ओढणी काढली, मातीत पसरली आणि सरळ पाठीवर आडवी झाली.

"क्या हुआ, चक्कर आ गया क्या?" पुढची मुलगी घाबरून म्हणाली.

"नहीं. मेरे बाबा नाप का काम करते हैं. बोल रहे हैं लेटने से हाइट बचती है."

"सच में?"

"वो झूठ नहीं बोलते," पोरगी म्हणाली. मग आकाशाकडे बघत, मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "मतलब, अब नहीं बोलते."

बायकोनं मला कोपरानं ढोसलं. मी जाळीत बोटं अडकवून हसलो.

आधी मुली खिदळल्या. मग मागची एक, बहुतेक तीही काठावरचीच असावी, चुपचाप टॉवेल अंथरून आडवी झाली. मग तिची मैत्रीण. मग पुढची घाबरलेली. बघता बघता लाइनीतल्या निम्म्या मुली मैदानात आडव्या.

"अवो पाहा, पोत्याईचं गोदाम लावून टाकलं तुमी," बायको म्हणाली.

एक हवालदार बाई काठी आपटत आल्या. "ए, ये क्या लगा रखा है? सोने आई हो सब?"

"मैडम, हाइट बचा रहे हैं!" कोणी तरी आडव्यानंच उत्तर दिलं.

बाई थबकल्या. त्यांनी लाइनीकडे पाहिलं, कपाळाचा घाम पुसला आणि त्यांनाही हसू फुटलं. "हमारे टाइम पे किसी ने नहीं बताया रे. चलो, नंबर आए तो झट से उठना."

पोरीचा नंबर आला. ती उठली, ओढणी झटकली, पुढं गेली. मला फक्त तिची पाठ दिसत होती. स्टँड लाकडी होता, रंगवलेल्या पट्टीचा, आणि एरवी मी पहिल्यांदा तोच बघितला असता. मोजणाऱ्यानं तुकडा खाली सरकवला, वाकून तिच्या टाचांकडे बोट दाखवलं. तिनं टाचा मागे घेतल्या. पुन्हा तुकडा सरकला. तो माणूस पट्टीकडे झुकला, आणखी झुकला. बायकोनं माझा दंड धरला होता.

शिटी वाजली नाही. पोरगी डाव्या बाजूला गेली, जिथं पास झालेल्या मुली उभ्या होत्या.

"झालं?" बायकोनं विचारलं.

"झालं," मी म्हणालो, आणि तिथंच कुंपणाच्या कडेला मातीत बसलो. शेजारच्या एका अनोळखी बाईनं मला पाण्याची बाटली दिली. तिची मुलगीही आडवी झालेल्यांतली होती आणि अजून लाइनीत होती.

धाव दुपारून झाली. तिनं ती आरामात काढली. पहाटेची मेहनत मध्ये तुटली नसती तर आणखी जोरात पळाली असती, असं तिनंच सांगितलं, आणि मी ते ऐकून घेतलं.

बाहेर आल्यावर उसाच्या रसाच्या गाडीशी आम्ही थांबलो. बायको व्हॅनवाल्याला शोधायला गेली.

"किती भरली?" मी विचारलं.

"सांगितलं नाई त्याईनं. लिहिलं अन् म्हणाले, आगे."

मला आजही तो आकडा माहीत नाही.

तिनं रसाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता. अर्धा रस प्यायली. मग म्हणाली, "आता तरी खरं सांगा. खूश हाव का तुमी?"

एरवी मी "हो" म्हणून मोकळा झालो असतो. ते खरंही होतं.

"हो," मी म्हणालो. "खूप. अन् भीती बी वाटून राहिली. तेव्हा वाटत होती तेवढीच."

मला वाटलं, पुन्हा काही तरी बिघडवलं मी.

"चालते," ती म्हणाली. "दोन्ही बोलत जा." आणि रसवाल्याला हाक मारली, "भैया, बाबा के लिए एक और. बर्फ कम."